छोट्या मासिकांची सायबर जोखीम : बेळगाव सीमाभागातली पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातलं छोटं मराठी नियतकालिक दोन-तीन माणसांवर चालतं. संपादक बहुधा निवृत्त शिक्षक, वर्गणी आणि हिशेब बघणारा एखादा मित्र, आणि अंक लावून देणारा डीटीपीवाला. हा तिसरा माणूस त्याच संगणकावर लग्नपत्रिका, बिलबुकं आणि निवडणुकीची पत्रकंही करत असतो. अशा ठिकाणी सायबर सुरक्षेचा विषय काढला की उत्तर ठरलेलं : ‘आमच्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय?’ खात्यात फारसं काही नसतं, हे खरंच. पण या मंडळींची जोखीम शिलकीवर कधीच अवलंबून नव्हती. छपाईचं तंत्र बदललं की प्रत्येक वेळी मागचं काहीतरी तसंच पडून राहिलं आणि नव्या तंत्राची किल्ली तिसऱ्याच कुणाच्या हातात गेली. आजची जोखीम मोजायला बसण्याआधी हे सगळं कसं घडत गेलं ते बघावं लागतं.

खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून अंक छापायचे त्या काळात छपाई संपली की जुळवलेली पानं, म्हणजे फॉर्मा, सोडून खिळे परत खणांत जात. पुढच्या अंकाला तेच खिळे. मजकुराची मूळ प्रत अशी काही उरतच नसे. उरत ते छापील अंक, वर्गणीदारांच्या कपाटांत आणि गावोगावच्या वाचनालयांत. १९५४ च्या कायद्याने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तकाची प्रत पाठवणं बंधनकारक केलं, आणि १९५६ च्या दुरुस्तीने नियतकालिकंही त्यात आली. आज ज्याला आपण बॅकअप म्हणतो तो तेव्हा असा विखुरलेला होता. एका आगीत किंवा एका पावसाळ्यात तो सगळाच्या सगळा जाणं शक्य नव्हतं. भीती होती ती वाळवीची, कागदाच्या भावाची आणि सरकारी नोटिशीची.

नोटिशीची भीती सीमाभागात जरा जास्तच. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला, १९६७ मध्ये सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला आणि २००४ पासून या भागावरचा महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. वाचकांना हे पाठ आहे, म्हणून लांबवत नाही. एवढंच, की इथलं मराठी मासिक निव्वळ वाङ्मयीन कधी राहिलं नाही. नुसत्या कविता छापणारा अंकसुद्धा कुणाच्या तरी लेखी राजकीय असतो.

१९९० च्या दशकात ट्रेडल छपाईयंत्र कोपऱ्यात गेलं आणि संगणकावर पानं लावणारा पेजमेकर हा प्रोग्रॅम आला. सोबत श्रीलिपी, आकृती, आयएसएम हे मराठी फाँट. बटर पेपरवर प्रिंट काढायची, प्लेट करायची, ऑफसेटवर चढवायची. खिळ्यांच्या मानाने ही चैनच होती. मात्र या फाँटांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसवलेली होती. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की नुसती चिन्हांची खिचडी. कुठल्याही संगणकावर अक्षर तेच राहावं म्हणून केलेल्या युनिकोड या संकेतपद्धतीची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि देवनागरी त्यात तेव्हापासून आहे. पण पेजमेकरला युनिकोड मराठी शेवटपर्यंत पेलली नाही. २००१ मध्ये आलेली सातवी आवृत्ती शेवटची ठरली आणि २००४ मध्ये अ‍ॅडोबीने त्याचं काम थांबवलं.

तोवर जुने अंक, दिवंगत लेखकांचे मजकूर, जाहिरातींचे तयार साचे असं सगळं एकाच संगणकात अडकलेलं होतं. तो संगणक अजून विंडोज एक्सपीवर चालवणारे आहेत, कारण फाँटचं लॉक, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लावायचा डोंगल, नव्या मशिनला बसत नाही. एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० ला, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांनी डोंगल विकत घेतला नाही त्यांची तऱ्हा निराळी. क्रॅक केलेली प्रत चालावी म्हणून अँटिव्हायरस बंद करायचा, आणि एकदा बंद केलेला अँटिव्हायरस सहसा कुणी पुन्हा चालू करत नाही. त्यात पेन ड्राइव्ह. अंक डीटीपीवाल्याकडून प्लेट करणाऱ्याकडे, तिथून प्रेसमध्ये आणि परत, असा दर महिन्याला फिरतो. २००८ च्या अखेरीस पसरलेल्या कॉन्फिकर या व्हायरसने पुढे याच सवयीचा फायदा घेतला. पेन ड्राइव्ह लावला की त्यातला प्रोग्रॅम आपोआप चालू होण्याची सोय तेव्हा विंडोजमध्ये होती.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरच्या संगणकांतल्या फाइली कुलूपबंद केल्या, तेव्हा विंडोजमधल्या ज्या फटीतून तो शिरला तिच्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. प्रकरण इतकं हाताबाहेर गेलं की आधार संपलेल्या एक्सपीसाठीही खास अपडेट काढावा लागला. माझ्या मते सीमाभागातल्या छोट्या अंकांची पहिल्या क्रमांकाची जोखीम हा जुना संगणकच आहे. परदेशातला हॅकर बराच खाली येतो. संगणक इंटरनेटवरून तोडणं आणि जुन्या फाइलींच्या पीडीएफ आणि युनिकोड प्रती करून दोन ठिकाणी ठेवणं, या कामाला पैसा थोडा आणि चिकाटी फार लागते. म्हणून ते राहतं.

जोखीम मोजण्याचं शास्त्र मात्र भलत्याच घरात वाढलं. १९७९ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने संगणक केंद्रांसाठी एक पद्धत छापली. एका घटनेत होणारं नुकसान गुणिले ती वर्षात किती वेळा घडेल, म्हणजे अपेक्षित वार्षिक नुकसान. बँका आणि सरकारी खाती डोळ्यांसमोर ठेवून केलेलं हे गणित. २००५ मध्ये माहितीच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २७००१ आलं, त्याची भाषाही मोठ्या कंपन्यांचीच. छोट्या धंद्यांसाठी एनआयएसटीने (त्याच नॅशनल ब्युरोचं नंतरचं नाव) वेगळी पुस्तिका काढली ती २००९ मध्ये, तीस वर्षांनी.

या पद्धतींतली कोष्टकं आपल्याकडे भरायला घेतली की पहिल्याच रकान्यात गाडी अडते : मालमत्ता कोणती आणि ती कुणाच्या ताब्यात. संकेतस्थळाचं नाव संपादकांच्या भाच्याने स्वतःच्या ईमेलवरून घेतलेलं, आणि भाचा आता पुण्यात नोकरीला. फेसबुकचं पान एका जुन्या कार्यकर्त्याच्या खात्यातून उघडलेलं, आणि त्याचं मंडळाशी बिनसलेलं. जीमेलचा पासवर्ड डीटीपीवाल्याच्या डायरीत. वर्गणीचा क्यूआर खजिनदारांच्या वैयक्तिक खात्याचा. यातला कुणीही लबाड असायची गरज नाही. माणूस आजारी पडला किंवा फोन हरवला तरी अंक अडकतो. हा रकाना प्रामाणिकपणे भरला तर निम्मं मूल्यांकन तिथेच झालं असं समजावं.

वार्षिक सरासरीही इथे फसवी आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, आणि तेव्हापासून मराठी नियतकालिकांच्या जाहिरातींचं गणित एका हंगामाभोवती फिरतं. जूनमध्ये संगणक चार दिवस बंद पडला तर वर्गणीदाराला पत्ताही लागत नाही. तेच ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात झालं तर वर्ष गेलं. मोठ्यांचीही यातून सुटका नाही. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या ट्रिब्यून पब्लिशिंगवरच्या हल्ल्याने लॉस एंजेलिस टाइम्सची छपाई लांबली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ली एंटरप्रायझेसची लहान शहरांतली कितीतरी वर्तमानपत्रं अडली. फरक इतकाच, की त्यांना दुसऱ्या दिवशी अंक काढता येतो; दिवाळी पुढच्या आठवड्यात ढकलता येत नाही.

सीमाभागात याच हंगामात १ नोव्हेंबर येतो. एकाच दिवशी सरकारी पातळीवर कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिवस. २०२४ मध्ये तर लक्ष्मीपूजन त्याच तारखेला होतं. ज्या आठवड्यात संपादक थकलेला, डीटीपीवाला रात्रपाळीत आणि सगळे पासवर्ड फोनवरून सांगितले जाताहेत, त्याच आठवड्यात फेसबुकच्या पानाविरुद्ध घाऊक तक्रारी होण्याची किंवा अंकाच्या नावाने कुणी खोटं खातं उघडण्याची शक्यता सर्वांत जास्त. तारखा आणि शक्यता असं सोबत मांडणारं कोष्टक बाहेरून मिळणार नाही, ते इथेच करावं लागेल.

खोट्या खात्यांची गोष्ट हवेतली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली आणि दोन्ही राज्यांत वातावरण तापलं. १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बोलावलं. बैठकीनंतर त्यांनी सांगितलं, की बड्या नेत्यांच्या नावाने उघडलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी वाद वाढवायला हातभार लावला. मुख्यमंत्र्यांच्या तोंडी खोटं वाक्य घालता येतं तिथे चारशे वर्गणीदारांच्या मासिकाचं बोधचिन्ह उचलून एक भडक संपादकीय फिरवणं किती अवघड? खुलासा करायला मासिकाकडे स्वतःच्या ताब्यातलं एक तरी ठिकाण लागतं, आणि पान भलत्याच्या हातात असेल तर तेही नसतं.

वर्गणीदारांच्या यादीकडेही याच नजरेने बघावं लागतं. जानेवारी २०२३ मध्ये फ्रान्सच्या ‘शार्ली एब्दो’ या व्यंग साप्ताहिकाच्या दोन लाखांहून अधिक ग्राहकांची नावं, पत्ते, फोन चोरल्याचा दावा झाला आणि ती यादी २० बिटकॉइनला विकायला काढली गेली. इराणच्या सर्वोच्च नेत्यावर व्यंगचित्रं मागवणाऱ्या स्पर्धेनंतर हे घडलं, आणि मायक्रोसॉफ्टने त्याचा माग इराणी सरकारशी जोडलेल्या गटापर्यंत लावला. आपल्या अंकांशी याची तुलना आकाराने हास्यास्पद आहे, पण मुद्दा लागू पडतो. यादी फुटली की धोका मासिकाला कमी आणि यादीतल्या माणसाला जास्त. सीमाभागातल्या यादीत सरकारी नोकर असतात, कन्नड माध्यमाच्या शाळांत शिकवणारे असतात. कडोली, उचगावसारख्या संमेलनांत टेबलावर वहीत लिहून घेतलेली नावं पुढे एक्सेलमध्ये जातात आणि तीच एक्सेल अंक टपालात टाकणाऱ्या मुलाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर.

नियतकालिकाच्या नोंदणीचंही आता तसंच झालं आहे. १८६७ च्या कायद्यात प्रकाशकाला दंडाधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापत्र द्यावं लागे. त्याच्या जागी आलेला २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आणि शीर्षक, नोंदणी, वार्षिक विवरण असं सगळं प्रेस सेवा पोर्टलवर गेलं. टपालाची सवलत या नोंदणीवर उभी आहे. तरीही पोर्टलचं लॉगिन पुष्कळदा फॉर्म भरून देणाऱ्याच्याच फोनवर राहतं. पूर्वी शिक्का संपादकांच्या खणात असायचा.

काही बिघडलंच तर दाद कुठे मागायची, हे पूर्वीपेक्षा सोपं आहे. पैसे गेले तर १९३० हा क्रमांक देशभर एकच. कर्नाटकात जिल्ह्याला सायबर गुन्ह्यांसाठी सेन (सायबर, आर्थिक, अमली पदार्थ) पोलीस ठाणं आहे. आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी संहितेत गुन्हा कुठेही घडला तरी जवळच्या ठाण्यात तक्रार घेण्याची तरतूद आहे. अंक बेळगावचा, छपाई कोल्हापूरची, वर्गणीदार ठाण्याचा, अशा कारभाराला ही तरतूद मोलाची.

विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. २०१८ च्या मसुद्यात पत्रकारितेला असलेली सवलत अंतिम कायद्यात राहिली नाही. निव्वळ कागदावरची वही त्यात येत नाही, पण वहीतली नावं संगणकात चढवली की ती येतात, आणि यादी फुटली तर विदा संरक्षण मंडळाला आणि त्यातल्या प्रत्येक माणसाला कळवावं लागतं. मुख्य बंधनांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. ती ठरल्याप्रमाणे मे २०२७ मध्ये संपते. म्हणजे त्या वर्षीच्या दिवाळी अंकाची वर्गणी गोळा होईल ती या कायद्याखाली.