मॉरिटानियात दहापट भाव लावतात?
पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानियाला जाऊन आलेल्यांकडून हमखास ऐकू येतं: तिथले टॅक्सीवाले परक्यांना दहापट भाव सांगतात. हा आरोप म्हणजे त्या टॅक्सीवाल्यांवर अन्याय आहे. १ जानेवारी २०१८ रोजी तिथल्या उगिया या चलनातलं एक शून्य उडालं. जुने १० म्हणजे नवा १. पण तोंडी हिशेब जुनाच राहिला, जसं आपल्याकडे दशमान नाणी आल्यावरही पंचवीस पैशांना लोक ‘चार आणे’च म्हणत. राजधानी नुआकशोतमध्ये चालक ‘हजार’ म्हणाला, तर बहुतेकदा त्याला शंभराची नवी नोट हवी असते. गाडीत बसण्याआधीच नोट काढून दाखवा आणि ‘एवढेच ना?’ असं खुणेनं विचारा. फ्रेंचचे चार शब्द येत असतील तर उत्तमच. रोख युरो मात्र जवळ ठेवा, राजधानीबाहेर कार्डाच्या भरवशावर राहू नका.