हौसेची यादी : खानदेशातील प्रघात

आयुष्यात किंवा ठरावीक मुदतीत करून पाहायच्या गोष्टींची स्वतःपुरती केलेली नोंद म्हणजे हौसेची यादी. बोलण्यात तिला सर्रास ‘बकेट लिस्ट’ म्हणतात. कर्जफेड, घराचा स्लॅब, मुलीचे लग्न असली कामे तिच्यात धरत नाहीत. न केल्याने कोणाचे अडत नाही, पण केल्याने जिवाला बरे वाटते, अशाच गोष्टी तिच्यात येतात: पाहायच्या राहिलेल्या जागा, शिकायच्या राहिलेल्या कला, एकदा तरी खाऊन पाहायचे पदार्थ आणि थोडासा वेडेपणा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात अशी यादी कॉलेजातली मुले करतात, तशीच निवृत्त शिक्षक आणि भिशीतल्या बायकाही करतात. कागदावर ती कुठल्याही गावच्या यादीसारखीच दिसते. मात्र ती पुरी होण्याची रीत इथे पिकांवर, सणांवर आणि उन्हावर ठरते.

पूर्वपीठिका : अशी यादी करून ती खरोखर पुरी करत जाणाऱ्यांत अमेरिकेच्या जॉन गोडार्डचे नाव आधी घेतले जाते. १९४० मध्ये, पंधरा वर्षांचा असताना, त्याने लॉस एंजेलिसच्या घरी बसून १२७ इच्छा लिहून काढल्या. त्यांत नाईल नदीचा प्रवास होता, टाइपिंग शिकणे होते, विषारी सापाचे विष काढणे होते आणि चंद्रावर जाणेही होते. नाईलचा प्रवास त्याने पुढे दहा-अकरा वर्षांत केला. चंद्र राहून गेला. १९७२ मध्ये ‘लाइफ’ या नियतकालिकाने त्याच्यावर लेख छापला आणि ही कल्पना घरोघरी गेली. २००७ च्या ‘द बकेट लिस्ट’ या इंग्रजी चित्रपटाने तिला आजचे नाव रूढ करून दिले. २०१८ मध्ये माधुरी दीक्षित यांची भूमिका असलेला मराठी चित्रपटही याच नावाने आला.

दुसरा प्रकार मुदतीचा: १,००१ दिवसांत १०१ गोष्टी. हा हिशेब पावणेतीन वर्षांचा होतो, आणि शेतीच्या मुलखाला तो सोयीचाही आहे. एवढ्या काळात प्रत्येक ऋतू आणि प्रत्येक सण निदान दोनदा येतो. पहिल्या वर्षी पाऊस लांबला, घरात आजारपण निघाले, तरी दुसरी संधी उरते. एका वर्षाच्या संकल्पाला ती नसते.

यादी लिहिण्याचे माहात्म्य सांगताना प्रेरणादायी वक्ते एक गोष्ट हमखास ऐकवतात: १९५३ साली येल विद्यापीठातल्या ज्या तीन टक्के विद्यार्थ्यांनी ध्येये लिहून ठेवली होती, त्यांनी पुढे बाकीच्या सर्वांहून अधिक संपत्ती कमावली. असा कोणताही अभ्यास झाल्याचा पुरावा नाही; खुद्द येलच्या ग्रंथालयाने तसे स्पष्ट केले आहे. तरी ही गोष्ट शाळेच्या स्नेहसंमेलनांत सुखाने नांदते. त्यामानाने मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेला मुद्दा साधा आणि कामाचा आहे. नुसती इच्छा धरण्यापेक्षा ‘अमुक वेळ आली की अमुक करीन’ असे आधी ठरवून ठेवले, तर ते हातून होण्याची शक्यता वाढते. खानदेशात ‘अमुक वेळ’ बहुधा पंचांगात आधीच छापलेली असते.

नवस आणि यादी : खानदेशाला ठरवून करायच्या गोष्टींची सवय नवी नाही. नवस बोलला की तो फेडावा लागतो. कोणी सप्तशृंग गडावर चैत्रात पायी जायचे ठरवतो, कोणी मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरीला. मुक्ताईनगरहून निघणारी ही पालखी आषाढीला सर्वांत लांबून येणाऱ्या पालख्यांपैकी एक आहे, म्हणजे हा नवस सोपा नव्हे. कानबाई या खानदेशी देवीचा रोट करायला तर नोकरीसाठी सुरत-पुण्याला गेलेले भाऊबंदही श्रावणात गावी परततात. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते. रजा त्या हिशेबाने आधीच काढून ठेवलेली असते.

नवसाला साक्षीदार असतो, काळ ठरलेला असतो आणि चुकला तर मनात धाक असतो. हौसेच्या यादीला यातले काहीच नसते. वहीत लिहिलेले वर्षानुवर्षे तसेच राहते आणि तोंडाने बोललेला नवस फिटतो, त्याचे कारण श्रद्धेइतकेच या व्यवस्थेतही आहे. ज्यांच्या याद्या पुढे सरकतात त्यांनी बहुधा नवसाची ही हाडे उसनी घेतलेली असतात: नोंद कोणाला तरी सांगून ठेवायची, तिला सोबती जोडायचा आणि तिथी ठरवायची. ‘तोरणमाळ’ (सातपुड्यातले थंड हवेचे ठिकाण) एवढेच लिहिले तर ते लिहिलेलेच राहते. ‘महाशिवरात्र, गोरखनाथाची यात्रा, मावसभावाची जीप’ असे लिहिले तर माणूस तिथे पोचतो.

शेतीचे वेळापत्रक : कापूस हे खानदेशाचे नगदी पीक. जूनच्या आसपास लागवड, दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणीला जोर. पैसा हाती येतो तो त्यानंतर. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीची कापणी वर्षभर कुठे ना कुठे चालूच असते. त्यामुळे बागाईतदाराकडे पैसा असला तरी त्याला घर सोडवत नाही. मे महिन्यात शेतात काम कमी, पण भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी गल्लीत कुत्रेही दिसत नाही. मोकळा वेळ, पैसा आणि बरी हवा हे तिन्ही एकत्र येतात ते साधारण मार्गशीर्षापासून होळीपर्यंत. म्हणून इथल्या याद्या हिवाळ्यात भराभर कापल्या जातात.

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. तापीकाठचा हा घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. यादीत तो ‘घोड्यावर बसणे’ असा येतो, पण खरी मजा व्यापाऱ्यांची घासाघीस ऐकण्यात आणि घोड्यांची चाल पाहण्यात आहे. त्याच दिवसांत भरिताची वांगी येतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वांगी काटक्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर किंवा पुरीबरोबर शेतातच खायची. बाहेरगावच्या पाहुण्याच्या यादीत भरीत पार्टी असतेच. खानदेशी माणसाच्या यादीत ती नसते, कारण ती त्याला न मागता मिळते. त्याच्या यादीत समुद्र असतो.

पावसाळ्यात चाळीसगावजवळची पाटणादेवी आणि यावल तालुक्यातली मनुदेवी, दोन्हीकडे डोंगरातून पाणी उतरते. पाटण्याला जाणाऱ्याने धबधब्याबरोबर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख सापडला आहे. गणिताला घाबरत शाळा संपवलेल्या माणसाने आपल्या यादीत ही जागा घालावी, एवढे तर ऋण आहेच.

खापरावरचे मांडे : शिकायच्या गोष्टींत पोहणे, स्कूटी, मोडी लिपी अशी नावे दिसतात. पण खानदेशापुरती सर्वांत अवघड आणि सर्वांत मानाची नोंद मांड्यांची आहे. गव्हाचे पीठ बारीक चाळून, भरपूर मळून, ते ताणले तरी तुटणार नाही असे करावे लागते. त्यात पुरण भरून पोळी हातांवर फिरवत मोठी करायची, ती कोपरापर्यंत पसरली की चुलीवर उपड्या ठेवलेल्या तापल्या खापरावर अलगद टाकायची. लाटण्याचा आधार इथे फार चालत नाही. पोळी फाटली की पुरण खापरावर जळते आणि घरभर त्याची बातमी होते. ज्यांची आई मांडे करायची आणि ज्यांना स्वतःला ते येत नाहीत, अशा बायकांच्या यादीत ही नोंद वरच असते. व्हिडिओ पाहून पिठाचे प्रमाण कळते. हाताला ताण कळायला कोणाच्या तरी शेजारी बसावे लागते. आमरसाचा हंगाम, मांडे आणि माहेरी आलेल्या लेकी असा योग आखाजीला येतो, म्हणून शिकणेही त्याच दिवसांत होते.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पुरुषांची पत्त्यांची बैठकही त्या दिवशी समाज डोळेझाक करून चालवून घेतो. सुनेला वर्षातून हक्काने मिळणारी हौस बराच काळ एवढीच होती, हे विसरून चालत नाही. आजही ‘एकटीने रेल्वेने भुसावळ ते मुंबई जाणे’ ही नोंद एखाद्या पन्नाशीच्या बाईच्या वहीत सापडते, तेव्हा तिच्यात साहस गोडार्डच्या नाईलपेक्षा कमी नसते.

गमतीच्या नोंदी : यांचे प्रमाण मोठे नसले तरी पुऱ्या होण्याचा वेग मोठा आहे. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. तिथल्या बाकावर बसून एक पाय या राज्यात आणि एक त्या राज्यात ठेवता येतो. चोपडा तालुक्यात उनपदेवला गरम पाण्याच्या झऱ्यात अंघोळ करता येते, ती हिवाळ्यातच करावी. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाची वास्तू आहे. इतिहासाची आवड सांगणारे पुष्कळ धुळेकर तिच्या दारावरून रोज जातात आणि आत गेलेले नसतात.

काही नोंदी मात्र मुदतीआधीच रद्द होतात. पाचोरा–जामनेर ही अरुंद रुळांची गाडी, लोकांच्या तोंडची ‘पीजे’, जवळपास शंभर वर्षे धावली आणि २०२० च्या टाळेबंदीत थांबली. त्यानंतर मार्ग रुंद करण्याचे ठरले. ‘कधीतरी नुसतेच बसून जामनेरपर्यंत जाऊन येऊ’ असे म्हणणारे अनेकजण पाचोऱ्यातच राहत होते. तिकीट काही रुपयांचे होते, अंतर ५६ किलोमीटर. लांबच्या लेह-लडाखसाठी लोक पैसे साठवतात, आणि जवळच्या गोष्टीला ‘ती कुठे पळते’ म्हणून मागे टाकतात. म्हणून पहिल्या पानावर जवळच्या आणि संपू शकणाऱ्या गोष्टी लिहाव्यात, ही सूचना इथे अगदी लागू पडते.

आक्षेप : पहिला आक्षेप असा की एकाची श्रद्धा दुसऱ्याच्या यादीतला तमाशा होते. अक्कलकुवा तालुक्यातील काठी गावची राजवाडी होळी आता राज्यभरच्या यादीत गेली आहे. रात्रभर ढोल आणि नाच चालतो आणि पहाटे होळी पेटते. मोरपिसांचे टोप घालून, अंगावर ठिपके रंगवून नाचणारे आदिवासी पुरुष आधी काही दिवस व्रत पाळून आलेले असतात. त्यांचा तो नवस आहे. पाहणाऱ्याची ती यादीतली एक ओळ. कॅमेरा तोंडासमोर धरून ‘जरा पुन्हा नाचा’ म्हणणारा पाहुणा सातपुड्यात नकोसा होतो, आणि तसे व्हायलाच हवे. काठीला जायचे तर गावात कोणाची तरी ओळख काढून जावे, फोटो विचारून घ्यावा, दारू पिऊन गर्दीत शिरू नये. यात्रेच्या बाजारात दाळ्या, गूळ, हार विकणाऱ्यांकडून काही विकत घ्यावे. यावल आणि गौताळा अभयारण्यांत वनखात्याचे नियम वेगळे आहेत. पावसाळ्यात धबधब्याखाली जायला काही ठिकाणी बंदी असते, ती यादीतल्या कोणत्याही नोंदीसाठी मोडू नये.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो की यादीमुळे हौसही एक काम होऊन बसते: खूण करायची घाई लागते आणि बघणे राहून जाते. रील टाकण्यापुरते तोरणमाळला जाऊन सीताखाईच्या कड्यावर दहा मिनिटे उभे राहणाऱ्यांबाबत तो खरा आहे. यशवंत तलावाच्या काठी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी उतरणाऱ्यांना तो लागू होत नाही. जळगाव-धुळ्यातले काही गट यासाठी खूण करण्याचा नियमच बदलतात. गोष्ट करून आल्यावर ती घरात किंवा कट्ट्यावर सविस्तर सांगायची, ऐकणाऱ्याला तिथे जावेसे वाटले तरच ओळीवर काट मारायची.