घर गेलं, कर्ज राहिलं: ब्रिटनमधल्या जुन्या मॉर्गेज शॉर्टफॉलची पार्श्वभूमी

पत्र साधं दिसतं. वर कलेक्शन एजन्सीचं (थकलेली कर्जं वसूल करणाऱ्या कंपनीचं) नाव, खाली कुठल्यातरी बिल्डिंग सोसायटीचं (ब्रिटनमधल्या घरकर्ज देणाऱ्या संस्थेचं) जुनं नाव जी आता दुसऱ्याच बँकेत विलीन झालेली असते, एक रेफरन्स नंबर, कित्येक वर्षांपूर्वी सोडलेल्या घराचा पत्ता आणि हजारो पौंडांचा आकडा. शेवटी बहुतेक वेळा एक ऑफर, की लगेच अमुक रक्कम भरा, बाकीचं सोडून देतो. माणूस घाबरतो आणि फोन उचलतो. पण हे पत्र कुठून आलं हे समजून न घेता त्यावर काहीही सही करू नये किंवा एक पौंडही भरू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा सगळा इतिहास.

आधी शॉर्टफॉल म्हणजे काय ते बघू. समजा मॉर्गेज, म्हणजे घर गहाण ठेवून घेतलेलं कर्ज, ६० हजार पौंडांचं होतं, हप्ते थकले, बँकेने घर ताब्यात घेतलं आणि ४५ हजाराला विकलं. मधल्या काळातलं व्याज, वकिलाची फी, एजंटचं कमिशन, कुलपं बदलायचा खर्च हे सगळं कर्जात चढत गेलं आणि विक्रीचे पैसे वजा करून जे उरलं तो शॉर्टफॉल. ब्रिटनमध्ये कर्जदार वैयक्तिकरीत्या कर्ज फेडायला बांधील असतो, घर गेलं म्हणून कर्ज संपत नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कितीतरी लोकांनी चाव्या पाकिटात घालून बँकेला परत पाठवल्या आणि विषय मिटला असं समजले. तो मिटला नव्हता.

ह्याची मुळं ऐंशीच्या दशकात आहेत. १९८० च्या हाउसिंग ॲक्टने कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना ते घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला, कर्ज देण्यावरचे निर्बंध सैल झाले, बँका आणि बिल्डिंग सोसायट्या एकमेकांशी चढाओढ करत घराच्या किमतीच्या ९५ टक्के, कधी पूर्ण १०० टक्के कर्ज द्यायला लागल्या. मग १९८८ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी जाहीर केलं की लग्न न झालेली जोडपी किंवा मित्र मिळून एकाच घरावर प्रत्येकी वेगळी व्याजाची करसवलत घेतात ते ऑगस्टपासून बंद. मधे काही महिने मिळाले आणि लोक अक्षरशः धावत सुटले घर घ्यायला, भाव आणखी चढले. आणि नेमकं त्याच वेळी व्याजदर चढायला लागले. १९८८ च्या मे महिन्यात बेस रेट (ज्यावर बाकीचे व्याजदर ठरतात तो मूळ दर) साडेसात टक्क्यांच्या आसपास होता, ऑक्टोबर १९८९ मध्ये तो १५ झाला, म्हणजे दीड वर्षात दुप्पट. तेव्हा बहुतेकांची कर्जं व्हेरिएबल रेटची, म्हणजे बदलत्या व्याजदराची होती त्यामुळे ज्याने जेमतेम परवडेल असा हप्ता धरून घर घेतलं होतं त्याचं गणितच कोसळलं. पाठोपाठ मंदी आली, नोकऱ्या गेल्या, घरांचे भाव पडले. १९९१ ह्या एका वर्षात सुमारे ७५,५०० घरं बँकांनी ताब्यात घेतली. रिकामी घरं लिलावात गेली, खरेदीदार कमी आणि विकायची घाई जास्त, मग किंमत काय येणार.

आता ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो ती, मॉर्गेज इंडेम्निटी इन्शुरन्स. किमतीच्या साधारण ७५ ते ८० टक्क्यांपेक्षा जास्त कर्ज असेल तर बँक हा विमा घ्यायची, प्रीमियम मात्र कर्जदाराच्या माथी, बऱ्याचदा कर्जातच मिळवलेला. साहजिकच लोकांना वाटलं की आपण प्रीमियम भरला म्हणजे संरक्षण आपल्याला. पण संरक्षण होतं बँकेला. घर तोट्यात विकलं की विमा कंपनी बँकेला भरपाई द्यायची आणि मग तीच विमा कंपनी बँकेच्या जागी उभी राहून कर्जदाराच्या मागे लागू शकायची. ज्याने प्रीमियम भरला त्याच्याकडूनच वसुली! कायद्याने हे चालतं, पण घर घेताना हे किती जणांना नीट समजावून सांगितलं गेलं असेल.

मग पत्रं इतक्या उशिरा का आली? कारण १९९२ साली त्या माणसाकडे काहीच नव्हतं. नोकरी नाही, घर नाही, त्याच्यावर केस करून मिळणार काय. नव्वदच्या दशकाच्या शेवटी परिस्थिती सुधारली, लोकांना परत कामं मिळाली, काहींनी नवीन घरं घेतली, आणि मग क्रेडिट फाइल (माणसाच्या कर्जांची नोंद) आणि मतदार यादीवरून पत्ते शोधून वसुली सुरू झाली. काही कर्जं एजन्सीकडे वसुलीला दिली गेली, काही मूळ रकमेच्या थोड्याशा भागात विकलीच गेली. माणूस संसार परत उभा करतोय आणि दारात हे पत्र, व्याजासकट.

ह्यावर आरडाओरड झाली आणि फेब्रुवारी २००० मध्ये कौन्सिल ऑफ मॉर्गेज लेंडर्स ह्या बँकांच्या संघटनेने एक स्वेच्छेचा नियम मान्य केला, की घर विकून सहा वर्षं झाली आणि तोपर्यंत वसुलीसाठी कर्जदाराशी संपर्कच केला नसेल तर सदस्य बँका ते पैसे मागणार नाहीत. नंतर ३१ ऑक्टोबर २००४ पासून मॉर्गेजवर सरकारी नियामकाचं नियंत्रण आलं आणि त्याच्या नियमांतही विक्रीपासून सहा वर्षांच्या आत कळवायचं बंधन आलं, स्कॉटलंडमध्ये पाच. (स्कॉटलंडचा मुदतीचा कायदाच वेगळा आहे, पुढचं सगळं इंग्लंड आणि वेल्सचं.)

कायद्याची मुदत ह्याहून वेगळी. दावा किती वर्षांत लावायचा हे ठरवणाऱ्या १९८० च्या लिमिटेशन ॲक्टप्रमाणे मुद्दलासाठी १२ वर्षं आणि व्याजासाठी ६. घर विकल्यावर गहाण उरतच नाही तर मग साध्या कर्जासारखी सहाच वर्षं धरा असा युक्तिवाद कर्जदारांनी केला होता, पण २००२ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने तो फेटाळला, बाराच. प्रश्न राहिला की ही १२ वर्षं मोजायची कधीपासून. वेस्ट ब्रॉमविच बिल्डिंग सोसायटीने १९९० साली विकलेल्या घराच्या शॉर्टफॉलसाठी २००२ मध्ये दावा लावला, त्यांचं म्हणणं विक्रीपासून मोजा. २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, सांगितलं नाही, हप्ते चुकल्यामुळे करारानुसार सगळं मुद्दल ज्या दिवशी मागता येण्याजोगं झालं तिथून मोजा. म्हणजे घड्याळ विक्रीच्याही आधी सुरू झालेलं असतं, आणि सोसायटी हरली.

म्हणूनच पत्र आल्यावर पहिला प्रश्न रकमेचा नसावा, तारखांचा असावा. हप्ता कधी चुकला, घर कधी विकलं, त्यानंतर शेवटचे पैसे कधी भरले गेले. मुदत चालू असताना थोडीशी रक्कम भरली किंवा कर्ज मान्य असल्याचं लिहून सही केली की घड्याळ परत शून्यावर जातं, आणि "सध्या महिन्याला ५ पौंड देतो" इतकं लिहिलेलं पत्रसुद्धा त्यासाठी पुरेसं होऊ शकतं. फोनवर नुसतं बोलल्याने हे होत नाही पण फोनवर कार्ड नंबर देऊन पैसे भरले तर होतं. मुदत एकदा पूर्ण संपली असेल तर नंतर भरलेल्या पैशाने ती जिवंत होत नाही. अजून एक, कर्ज दोघांच्या नावावर होतं, पुढे घटस्फोट झाला, आणि एकाने दुसऱ्याला न सांगता मुदतीच्या आत थोडे पैसे भरले, तर घड्याळ दोघांचंही परत सुरू होतं. ह्यात लोक फार वाईट अडकतात.

आणि घर ताब्यात घेतानाच कोर्टाने पैशाचाही निकाल दिला असेल, जे तेव्हा बऱ्याच वेळा व्हायचं, तर ही १२ वर्षांची मोजणी लागूच होत नाही, म्हणजे तिचा बचाव तुम्हाला घेता येत नाही. त्यामुळे एजन्सीकडे लेखी मागायचं: मूळ करार, विक्रीचा हिशोब, कोर्टाचा निकाल असेल तर त्याची प्रत, आणि पत्रात "मी हे कर्ज मान्य करत नाही" असं स्पष्ट लिहायचं. विक्रीची किंमत फार कमी वाटली तर तेही विचारायचं, घराला वाजवी बाजारभाव मिळावा म्हणून योग्य काळजी घेणं ही बँकेची जबाबदारी आहे हे १९७१ पासून कोर्टाने मान्य केलेलं आहे. एजन्सीचा माणूस म्हणजे बेलिफ (जप्ती करणारा अधिकारी) नाही, कोर्टाच्या आदेशाशिवाय त्याला तुमच्या घरातली एक खुर्चीही उचलता येत नाही. पण कोर्टाचा क्लेम फॉर्म, म्हणजे दावा लावल्याचा कागद, खरंच आला तर तो बाजूला ठेवू नका, मुदत संपली असली तरी कोर्ट ते आपणहून बघत नाही, तुम्हालाच बचावात लिहावं लागतं आणि फॉर्मवर दिलेल्या तारखेच्या आत लिहावं लागतं.