पाचवी रेघ तिरकी का?

वर्गात मॉनिटरची निवडणूक आहे. बाई एकेक चिठ्ठी उघडून नाव वाचतायत आणि फळ्यावर त्या नावापुढे कुणीतरी उभी रेघ मारतंय. चार उभ्या झाल्या की पाचवी त्यांच्यावरून तिरकी. गणिताच्या पुस्तकात यांना ताळ्याच्या खुणा म्हणतात.

सरळ आकडेच का लिहू नयेत? करून बघा. सातवं मत आलं, ७ लिहिलं. आठवं आलं की ७ पुसा, ८ लिहा. दर मताला पुसापुशी, आणि मध्येच कुणी हाक मारली तर शेवटचं मत धरलं होतं की नाही, हेच आठवत नाही. रेघांमध्ये पुसायचं काहीच नसतं, फक्त एक वाढवायची.

माणूस हे फार पूर्वीपासून करत आलाय. आफ्रिकेत काँगोमधल्या इशांगो इथे १९५० साली एक हाड सापडलं. वय सुमारे २०,००० वर्षं, आणि त्यावर खाचांच्या तीन रांगा. त्या खाचा नेमक्या कशासाठी, यावर तज्ज्ञ अजून भांडतात.

पण नुसत्या रेघांची एक अडचण आहे. या किती, न मोजता सांगा: |||||||||

जमलं नाही ना? विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अभ्यासकाने हेच तपासलं. तो एका डबीत मूठभर दाणे टाकायचा, क्षणभर बघायचा आणि आकडा सांगून टाकायचा. मग मोजून पडताळायचा. असं त्याने हजारावर वेळा केलं (चिकाटी बघा!) आणि १८७१ साली निकाल छापला. तीन किंवा चार दाणे असले की तो कधीच चुकला नाही. पाचाला अधूनमधून चुका होऊ लागल्या, पुढे वाढतच गेल्या. शेंगदाणे घेऊन तुम्हीही मित्राबरोबर हा खेळ खेळा. न मोजता ओळखण्याची आपली ताकद साधारण चारापाशी संपते.

म्हणून चारनंतर जुडी बांधायची, मेथीसारखी. तिरकी रेघ म्हणजे जुडीचा दोरा. आता २३ मतं मोजायला चार जुड्या आणि तीन सुट्या: पाच, दहा, पंधरा, वीस, आणि वर तीन. हाताला बोटं पाच म्हणून जुडी पाचाची, असंही सांगतात. तेही असेल, पण मला नजरेचं कारण जास्त पटतं.

जुडी बांधायची रीत मात्र जगभर एक नाही. चीन-जपानमध्ये पाच रेघांचं एक अक्षर आहे. तिथे दर मोजणीला त्याची एकेक रेघ काढतात, अक्षर पूर्ण झालं की पाच. ब्राझीलमध्ये आधी चौकोनाच्या चार बाजू काढतात आणि पाचवी रेघ कोपऱ्यातून कोपऱ्यात.

आपल्या आकड्यांतही या रेघा लपल्या आहेत. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळातला, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लिपीतला लेख कोरलेला आहे. यज्ञात दान दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांचे आकडे त्यात आहेत. ब्राह्मीत एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे एकाखाली एक दोन रेघा, तीन म्हणजे तीन. त्या दोन रेघा पेन न उचलता भराभर काढा, हळूहळू २ दिसू लागेल. तीन काढल्या तर ३. नाणेघाटातल्या चाराला मात्र चार रेघा नाहीत. तिथे फुलीसारखी एक वेगळीच खूण आहे.