बँकॉकची सहल आखताना: आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

बँकॉकची चौकशी करायला येणारे बरेच प्रवासी सोबत आठ-दहा ठिकाणांची यादी आणतात आणि ती सगळी तीन दिवसांत बसवावी, अशी अपेक्षा ठेवतात. आम्ही मात्र एका दिवसात दोन, फार तर तीन ठिकाणे ठेवतो, आणि त्याचे कारण आपल्याला निघण्यापूर्वीच कळावे म्हणून हे पत्रक काढले आहे. नकाशावर चार-पाच किलोमीटर दिसणारे अंतर संध्याकाळच्या गर्दीत मोटारीने कापायला तासभरही लागू शकतो. या शहरात वेळ वाचतो तो रुळांवर नाहीतर पाण्यावर, म्हणून आमच्या आखणीत हॉटेल नेहमी बीटीएस किंवा एमआरटी या लोकल रेल्वेच्या स्थानकापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर असते. ते थोडे महाग पडले तरी चालेल, पण स्थानकापासून लांब नको, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुंबईहून थेट विमानाला चार ते साडेचार तास लागतात, आणि थायलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. रात्रीच्या विमानाने निघाल्यास आपण पहाटे सुवर्णभूमी विमानतळावर उतरता, पण हॉटेलची खोली सहसा दुपारी दोनच्या सुमारास मिळते. त्यामुळे पहिल्या दिवशी आम्ही काहीच ठरवत नाही. सामान कमी असेल तर विमानतळावरूनच सुटणारी रेल्वे सुमारे अर्ध्या तासात फाया थाई स्थानकावर पोहोचवते आणि तिथे बीटीएस मिळते. टॅक्सी घेतल्यास ती मीटरप्रमाणेच ठरवावी. टुकटुकला मीटर नसतो, म्हणून बसण्यापूर्वी भाडे बोलून घ्यावे.

दुसरा दिवस आम्ही पूर्णपणे चाओ फ्राया नदीकाठासाठी राखून ठेवतो. बीटीएसने सफान ताक्सिन स्थानकावर उतरले की खालीच साथोन धक्का आहे, आणि तिथून केशरी झेंड्याची बोट ग्रँड पॅलेस या राजवाड्याच्या दिशेने जाते. राजवाडा साडेआठला उघडतो. आपण त्याच सुमारास दारात असावे, कारण दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात. परदेशी पाहुण्यांना तिकीट ५०० बाथ आहे. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घातले नसतील तर आत सोडत नाहीत. वाटेत कोणी ‘आज राजवाडा बंद आहे, मी दुसरे मंदिर दाखवतो’ असे सांगू लागल्यास थांबू नये, थेट तिकीटखिडकीवर जावे.

राजवाड्याच्याच आवारातील वाट फ्रा केओ या मंदिरात हिरव्या पाषाणाची बुद्धमूर्ती आहे. तिचे दर्शन घेऊन लगेच बाहेर पडू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर ‘रामकियन’, म्हणजे थाई रामायण, १७८ चित्रांत रंगवलेले आहे. इथला हनुमान पांढराशुभ्र आहे. आपल्याकडची मुले त्याला शेपटीवरून ओळखतात आणि मग पुढचे प्रसंग आपणच सांगू लागतात. या भिंतींना निदान एक तास द्यावा. तिथून जवळच्या वाट फो मंदिरात ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे. त्याच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ शुभचिन्हे कोरलेली आहेत, आणि पाठीमागच्या बाजूला ओळीने मांडलेल्या १०८ धातूच्या भांड्यांत एकेक नाणे टाकत भाविक पुढे सरकतात. त्या नाण्यांचा आवाज सभामंडपभर ऐकू येत राहतो. दुपार सावलीत घालवून, चारनंतर लहान बोटीने पलीकडच्या वाट अरुण मंदिरात जावे. हा अरुण म्हणजे आपल्याच सूर्याचा सारथी.

चातुचकचा मोठा बाजार पाहायचा असेल तर सहलीत शनिवार किंवा रविवार येईल अशाच तारखा घ्याव्यात.

जेवणाबद्दल शाकाहारी प्रवाशांनी नीट समजून घ्यावे. थाई स्वयंपाकात ‘नाम प्ला’ हा माशांचा रस मिठासारखा वापरतात, त्यामुळे केवळ भाज्यांचा दिसणारा पदार्थही शाकाहारी असेलच असे नाही. शाकाहारासाठीचा थाई शब्द ‘मांग्सविरत’ हा संस्कृत मांसविरतीवरून आला आहे, परंतु त्यात अंडे चालते. ज्यांना अंडे, कांदा आणि लसूणही वर्ज्य आहे त्यांनी ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवावा. पिवळ्या पाटीवर लाल रंगात, इंग्रजी सतराच्या आकड्यासारखे दिसणारे अक्षर असते, तिथे असे जेवण मिळते. कंदमुळे मात्र त्यात असू शकतात. घरच्यासारखे जेवण हवे असल्यास फाहुरात या भारतीय वस्तीत जावे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा असतो. मे ते ऑक्टोबर पावसाळा, तर एप्रिलमध्ये कडक उन्हाळा असतो. १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष असते आणि रस्त्यावर पाणी उडवले जाते; त्या तारखा ज्येष्ठांसोबत जाणाऱ्यांनी टाळाव्यात.

ई-सिगारेटवर तिथे बंदी आहे, ती सामानात ठेवू नये. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने असावी. व्हिसाचे नियम अलीकडे अनेकदा बदलले असल्याने तिकीट काढण्यापूर्वी आम्ही ते आपल्यासाठी पुन्हा तपासतो. मे २०२५ पासून प्रत्येक प्रवाशाला पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत थायलंडचे ऑनलाइन आगमनपत्र भरावे लागते. सरकारी संकेतस्थळावर ते विनामूल्य आहे, तेव्हा त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत. पासपोर्ट घेऊन आमच्या कार्यालयात आल्यास आपल्यासमोर बसून आम्ही ते भरून देऊ.