‘वार खाली आहे’ असे सांगितलेल्या गर्भवतींसाठी : सोनोग्राफीच्या फेरतपासणीला येण्यापूर्वी

विसाव्या आठवड्याच्या सुमारास होणाऱ्या सोनोग्राफीत वार (प्लासेंटा) खाली, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाजवळ, दिसली, की ‘म्हणजे आता सिझेरियनच का?’ असे आमच्या केंद्रात वारंवार विचारले जाते. त्या दिवशी हे ठरवता येत नाही, कारण गर्भपिशवीचा खालचा भाग पुढे वाढत जातो तशी बहुतेकींची वार तोंडापासून दूर सरकते. म्हणून ३२ व्या आठवड्यात, आणि तेव्हाही ती खालीच असल्यास ३६ व्या आठवड्याच्या सुमारास, फेरतपासणी करावी लागते.

या फेरतपासणीला पुष्कळ जणी पहिल्या महिन्यांतील सवयीने भरपूर पाणी पिऊन, लघवी रोखून येतात. कृपया असे करू नये. लघवीची पिशवी तुडुंब भरली, की तिच्या दाबाने गर्भपिशवीच्या खालच्या भागाची पुढची भिंत मागच्या भिंतीला टेकते आणि दूर असलेली वारसुद्धा तोंडावर आल्यासारखी दिसते. मग लघवीला जाऊन पुन्हा रांगेत थांबावे लागते, आणि पडद्यावरचे पहिले चित्र पाहिलेल्या घरच्यांची धास्ती आम्ही कितीही समजावले तरी लवकर जात नाही.

आतून (योनीमार्गातून) सोनोग्राफीचा आग्रह आम्ही का धरतो, हेही सांगायला हवे. वार मागच्या बाजूला असेल, तर बाळाच्या डोक्याच्या सावलीमुळे पोटावरून तिची कड नीट दिसत नाही. आतील तपासणीत उपकरण गर्भपिशवीच्या तोंडात घातले जात नाही, त्यामुळे ती सुरक्षित आहे. वारेची कड तोंडापासून २० मिलिमीटरच्या आत आहे की पलीकडे, यावर आपल्या डॉक्टरांचा पुढचा विचार अवलंबून असतो. म्हणून आम्ही अहवालात नुसते ‘वार खाली’ न लिहिता मोजलेले अंतर लिहितो. ही तपासणी आमच्याकडे स्त्री डॉक्टर करतात आणि तिचे वेगळे शुल्क नाही.

पूर्वी सिझेरियन झाले असल्यास वेळ ठरवतानाच सांगावे. वार जुन्या व्रणात रुतली आहे का, हे पाहण्यासाठी आम्ही जास्त वेळ राखून ठेवतो.

रक्तस्राव झाल्यास, पोटात मुळीच दुखत नसले आणि रक्त थोडेच असले तरी, आमच्याकडे न येता रक्त व शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात थेट जावे. वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा.

बाळंतपणासाठी माहेरी जाणाऱ्यांना आम्ही अहवालाची दुसरी प्रत विनामूल्य देतो. तिथल्या डॉक्टरांनी हाताने आतील तपासणी करण्यापूर्वीच ती त्यांना दाखवावी.