बांधकाम कामगार नोंदणी : नाशिकमधील गवंडी, बिगारी व सेंट्रिंग कामगारांसाठी अर्जाची माहिती

गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, म्हसरूळ या भागांत उभ्या राहणाऱ्या इमारतींवर आणि 2027 च्या सिंहस्थासाठी नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे सुरू असलेल्या कामांवर पेठ, सुरगाणा, हरसूल पट्ट्यातून आलेले अनेक मजूर राबत आहेत. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडील नोंदणी म्हणजे घरी भांड्यांचा संच आणण्याची सोय, एवढीच तिची ओळख त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना असते. प्रत्यक्षात परांचीवरून (उंचीवरच्या कामासाठी बांधलेल्या बांबूच्या मचाणावरून) पडून घरचा कर्ता माणूस गेला, तर त्याच्या कुटुंबाला मंडळाकडून मिळणारे 5 लाख रुपयांचे अर्थसाहाय्य याच नोंदणीवर अवलंबून असते, आणि ती नोंदणी अपघातापूर्वीच झालेली व चालू स्थितीत असावी लागते. म्हणून हा अर्ज पुढच्या महिन्यावर ढकलू नये.

ही व्यवस्था 1996 च्या केंद्रीय कायद्यांतून उभी राहिली. बांधकाम खर्चाच्या 1 टक्का इतका उपकर मालक किंवा विकासकाकडून वसूल होऊन मंडळाच्या निधीत जमा होतो. त्यामुळे येथे मिळणारी मदत ही कोणाची मेहेरबानी नसून कामगाराच्या श्रमाशी जोडलेला हक्क आहे, हे अर्ज करताना मनात पक्के असावे.

ज्याचे वय 18 ते 60 वर्षांच्या दरम्यान आहे आणि ज्याने मागील 12 महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामाचे काम केले आहे, तो कामगार नोंदणीस पात्र ठरतो. गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाला, फिटर, सुतार, रंगारी, फरशी बसवणारा, प्लंबर, वायरमन हे सगळे यात येतात. डोक्यावर घमेले घेऊन माल वाहणाऱ्या महिलाही तितक्याच पात्र आहेत. पती-पत्नी एकाच साइटवर असताना केवळ पतीचे नाव नोंदवले जाते, ही चूक टाळावी.

कागदपत्रांत आधार कार्ड, वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, बँक पासबुक, पासपोर्ट आकाराची छायाचित्रे आणि 90 दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. बाकीची कागदपत्रे घरात सापडतात; अर्ज अडतो तो 90 दिवसांच्या प्रमाणपत्रापाशी. हे प्रमाणपत्र मालक किंवा ठेकेदार देऊ शकतो, तसेच ग्रामीण भागात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि शहरात महानगरपालिकेचा प्राधिकृत अधिकारी देऊ शकतो. त्यावर कामाचे ठिकाण, कामाचा कालावधी, देणाऱ्याची सही व शिक्का, तारीख आणि कार्यालयाने दिले असल्यास जावक क्रमांक स्पष्ट वाचता येईल असा हवा. नाक्यावर उभे राहून रोज नवा ठेकेदार गाठणाऱ्या मजुराची खरी अडचण येथेच होते, कारण काम संपले की मुकादम दुसऱ्या गावी गेलेला असतो. अशा कामगाराने साइट सोडण्याच्या दिवशीच, हजेरीचा हिशेब करताना, तेथे केलेल्या दिवसांचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. काम न करता शिक्का मिळवून देणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नये; खोटे प्रमाणपत्र उघड झाले तर नोंदणी रद्द होते आणि खऱ्या कामगारांवरची तपासणी आणखी कडक होते.

अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक व मोबाईल क्रमांक देऊन भरता येतो, आणि ज्यांना ते जमत नाही त्यांना तालुक्याच्या ठिकाणच्या सुविधा केंद्रात मदत मिळते. अर्जानंतर मूळ कागदपत्रे पडताळणीसाठी दाखवावी लागतात. आधारवर व पासबुकावर नावाचे स्पेलिंग वेगळे असेल, तर ते आधी दुरुस्त करून घ्यावे, नाहीतर मदत मंजूर होऊनही खात्यात पोहोचत नाही. कुटुंबीयांची माहिती व वारसाचे नाव भरताना घाई करू नये. मंडळाने या नोंदणीसाठी मजुराला जड जाईल असे शुल्क कधीच ठेवलेले नाही, तेव्हा शेकड्यांनी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला सरळ नकार द्यावा.

नोंदणीनंतर सुरक्षा संचासाठी अर्ज करता येतो. त्यात हेल्मेट, सेफ्टी बूट, हातमोजे, गॉगल, मास्क, चमकणारे जॅकेट आणि हार्नेस बेल्ट (उंचीवरून पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा) अशा वस्तू असतात. बेल्टचा हूक मजबूत आधाराला अडकवला नाही, तर तो अंगावर असूनही उपयोगाचा नाही. परांचीच्या बांबूला किंवा सैल सळईला तो लावू नये. मंडळाने संच दिला म्हणून ठेकेदाराची जबाबदारी संपत नाही. सुरक्षेची साधने, पिण्याचे स्वच्छ पाणी, स्वच्छतागृह आणि प्रथमोपचाराची पेटी साइटवर पुरवणे हे मालकाचेच काम आहे, मग कामगार नोंदणीकृत असो वा नसो. ते होत नसेल तर कामगार उपायुक्त कार्यालयाकडे लेखी तक्रार देऊन त्याची पोच घ्यावी.

कामावर मृत्यू झाल्यास वारसाला दाव्यासाठी नोंदणीचे ओळखपत्र, मृत्यूचा दाखला, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि बँक पासबुक जवळ ठेवावे लागते. घटनेची पोलिसांत नोंदच झाली नाही, तर मृत्यू कामावर झाला हे सिद्ध करणे फार कठीण होते. ‘आपसात मिटवू’ या बोलण्यावर कुटुंबाने नोंद टाळू नये. मालकाकडून मिळणारी कायदेशीर नुकसानभरपाई हा वेगळा हक्क आहे आणि मंडळाची मदत घेतल्याने तो बुडत नाही.

नोंदणीचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते आणि त्यासाठी 90 दिवसांचे नवे प्रमाणपत्र जोडावे लागते. ओळखपत्रावरील मुदतीची तारीख घरातील लिहिता-वाचता येणाऱ्या व्यक्तीला दाखवून ठेवावी, आणि ती संपण्याच्या महिनाभर आधी प्रमाणपत्राच्या तयारीला लागावे.